टर्कीनं पाडलेलं भोक

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. गळाला लागलेला मासा पाण्यातून अलगद उचलायची, लाकडी कड्याची. आयर्लंडच्या पश्चिमेला आमचं तळं आहे. त्यातले ट्राउट मासे कुणी आणून सोडलेले नाहीत, तळ्याचेच. म्हाताऱ्या कोल्मननं तरुणपणी ओली फांदी वाफेवर वाकवून मला घडवलं. काय काय मासे उचललेत मी! एक तर असा, की त्यानं कूस बदलली की पलीकडच्या काठावरच्या गायींचे पाय भिजायचे. कमीच करून सांगतेय हं.

मग एका नाताळात कोल्मनच्या लेकाला, फेस्टीला, दुर्बुद्धी झाली. बायकोची टर्की, ती कोंबडीहून थोराड पाळीव पक्षीण, पळाली, तर त्यानं मलाच तिच्यावर टाकलं. टर्की मला फाडून आरपार गेली.

"शिवून ठेवा ती," त्याची बायको डीलिया म्हणाली.

"मासे धरायचे मे महिन्यात. तो कुठं पळून चाललाय?" म्हणत त्यानं मला खुंटीला टांगलं.

मे आला. तळ्यावर ट्राउटना आवडणाऱ्या उडत्या माश्यांचे थवे उठले. बापलेक होडी घेऊन निघाले. कोल्मनची नजर अधू झालेली, हात मात्र पक्के. त्यानं गळाला जिवंत माशी लावली, लांब काठीनं वाऱ्यावर सोडून पाण्यावर नाचवली. दांडगा ट्राउट वर आला, माशी गिळली. कोल्मननं घाई केली नाही. मासा खाली वळू दिला, मगच काठी उचलली, गळ पक्का रुतला. केवढी झुंज झाली! शेवटी फेस्टीनं मला खाली धरलं, मासा माझ्यात आला... आणि भोकातून गेला. दोरी माझ्यात अडकली अन् गळ त्याच्या तोंडातून निसटला.

"काय झालं रे?"

"सुटला, बाबा. गळ नीट रुतला नव्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी तळ्यातल्या बेटावर चहा उकळला. कोल्मननं काठी लेकाच्या मांडीवर ठेवली. "घे, तुला. माझे हात गेले. उद्यापासून मी चुलीपाशीच बरा."

फेस्टीनं चहा बाजूला ठेवला. त्यानं मला उचललं. "बाबा, इथं हात घाला."

"अरे, यातून डुक्कर जाईल!"

"टर्की गेली होती. नाताळात. मी शिवलीच नाही."

"गाढवा! आणि मी मघापासून माझ्या हातांना शिव्या घालतोय!" म्हाताऱ्यानं काठी ओढून घेतली. "चल, होडी काढ. आता मासा लागला तर टोपीत धर!"

फेस्टीनं मला त्याच संध्याकाळी शिवलं. तरी त्याची मान खालीच होती, अन् माझीही.

मित्रांनो, वस्तू फाटली की लगेच शिवा. राहून गेलंच, तर निदान आपली चूक म्हाताऱ्या हातांवर ढकलू नका. हात गेले असं एकदा वाटलं ना, की माणूस होडीत पाय ठेवत नाही.