दोन दिवस शिळा पेपर

पुण्याचं दैनिक दिवाळीच्या सुमारास बंद पडलं. बापूरावांनी ही गोष्ट थोरल्या बहिणीला सांगितली नाही.

अहिल्याक्का विधवा होऊन झाशीला माहेरी परतल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. मोतीबिंदूनं डोळे गेले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तू पुण्याचा पेपर वाचून दाखवतोस तोवर मी इथं. तो बंद झाला की मला वामनकडे पोचव." वामन त्यांचा पुण्यातला पुतण्या. दर संक्रांतीला त्याचं बोलावणं यायचं.

घरात मराठी बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. बापूरावांचा मुलगा आणि सून हिंदीतच बोलत. नात इंदूला मराठी समजे, उत्तर मात्र ती हिंदीत देई. म्हणून बापूराव झाशीत मिळणारा हिंदी पेपर घेत आणि वाचता वाचता त्याचं मराठी करत. अग्रलेख स्वतः रचत. पुण्याचा पेपर टपालानं तिसऱ्या दिवशी यायचा, म्हणून हिंदी पेपरही दोन दिवस गादीखाली ठेवून मगच उघडत. दोन महिने ही शिस्त मोडली नव्हती.

ती मोडली १७ जानेवारी १९५६ला. धुक्यात जवळचं खंडेराव गेटसुद्धा गच्चीवरून दिसत नव्हतं. पेपरवाल्यानं टाकलेला ताजा अंक बापूरावांनी उचलला, मथळा पाहिला आणि तसेच अक्कांच्या शेगडीपाशी येऊन बसले.

"अक्का, मुंबई गेली. महाराष्ट्राला देत नाहीत. केंद्राकडे ठेवणार. काल रात्री जाहीर केलं."

अक्कांनी शेकायला धरलेले हात मागे घेतले.

"मी मुंबई पाहिलीसुद्धा नाही, तरी बघ कसं चर्र झालं. आणि आपल्याला रे? झाशी मागितली का कुणी? परवा तिळगूळ दिला तर तिवारीण विचारते, 'अम्मा, खिचड़ी पे ये क्या बाँट रही हो?' यांची संक्रांत म्हणजे खिचडी! चाळीस वर्षं शेजारी राहते! लक्ष्मी तलावावरच्या देवीला आता मराठीत आरती म्हणणारेही..." त्या थांबल्या. "काल रात्री म्हणालास?"

"हो."

"मग पुण्याचा पेपर आज झाशीत कसा? विमानानं आला?"

"शेजारी रेडिओवर ऐकलं."

"आणि हातात काय फडफडतंय?"

बापूरावांनी पेपरची घडी घातली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"तो साखर कारखान्यांवरचा अग्रलेख?"

"माझाच."

"तरीच संपता संपेना."

त्या हसल्या. बापूरावांना वाटलं, निभावलं.

"आता पोस्टकार्ड आण," अक्का म्हणाल्या.

"इथं काय कमी आहे, अक्का?"

"काही नाही रे. इंदू पाय चेपते, सून विचारल्याशिवाय भाजी करत नाही. पण मला एकदा रस्त्यावरची मराठी ऐकायचीय. भाजीवालीनं मराठीत भांडावं, पोरांनी मराठीत शिव्या द्याव्यात. मला नको काही म्हणायला, नुसतं कानावर पडू दे. इथं मराठी म्हणजे तू आणि मी. त्यातही तू दोन महिने एकटाच राबतोयस."

"आणि तू गेल्यावर मी कुणाशी बोलू?"

अक्कांनी शेगडीतले निखारे हलवले.

बापूरावांनी पोस्टकार्ड आणलं. 'चि. वामन यास अनेक आशीर्वाद. थंडी ओसरली की अक्काला न्यायला ये.' एवढं लिहून त्यांनी वाचून दाखवलं. अक्कांनी मान हलवली.

इंदू चहा घेऊन आली. "दादाजी, आज क्या ख़बर है?"

"बस, तूही ऐक," अक्का म्हणाल्या. "वाच बापू, राहिलेला."

बापूरावांनी सवयीनं मराठीत सुरुवात केली.

"नको आता. आहे तसाच वाच."

त्यांनी हिंदीतच वाचला. रोज तासभर पुरणारा पेपर चहा निवायच्या आत संपला.