माझं त्रेचाळिसावं पान

मित्रांनो, मी काही पुस्तकांच्या दुकानातून मिरवत आलेलो नाही. कुणा परगावच्या शिक्षकाने, ज्याला शिकायचं त्याने खुशाल घ्यावं म्हणून, नेटवर नोट्स ठेवल्या होत्या. सांगलीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्या छापून स्पायरल मारलं, तो जुना गठ्ठा म्हणजे मी. चाकांवर आपली आपण चालणारी रोबो-गाडी कशी करायची, ते माझ्यात लिहिलं आहे.

मला बांधून घेतलं कुंडल गावच्या साक्षी नावाच्या मुलीने. कॉलेजात हा विषय कुणी शिकवत नव्हतं, म्हणून ती माझ्यावरच शिकली. इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलने मराठी अर्थ लिहायची, गाडी कुठे अडली तेही लिहायची. माझ्या त्रेचाळिसाव्या पानावर गाडी किती वळेल हे काढायचं सूत्र आहे. त्यात दोन चाकांमधलं पूर्ण अंतर धरायचं असतं, पण माझ्यात चुकून अर्धं पडलंय. साक्षीने पंधरा दिवस डोकं फोडून ती चूक पकडली आणि शेजारी लिहून ठेवली. मला लाज वाटली, पण बरंही वाटलं.

पुढे साक्षी नोकरीला पुण्याला गेली. जाताना तिने मला तासगावच्या जीनतला दिलं. बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या जीनतने मोबाईलच्या ग्रुपवर नोट्स मागितल्या होत्या. आता आमच्याकडची रीत अशी, की पुस्तक दुसऱ्याला द्यायचं तर खोडून, कव्हर घालून, नव्यासारखं करून द्यायचं. साक्षीने दिवसभर बसून खोडरबराने माझं पान न् पान साफ केलं. अगं बाई, ते तेवढं राहू दे, असं ओरडावंसं वाटलं. पण कागदाला कुठलं आलंय तोंड!

जीनतचे अब्बा, फारूक, बेदाण्याच्या शेडवर कामाला. बेदाण्याला रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. ते पेटलेलं घमेलं आत ठेवायला अब्बाच जायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, की आता धुरात जाल तर छाती कामातून जाईल. म्हणून जीनतला घमेलं आत नेऊन ठेवणारी गाडी करायची होती, आणि तीही हंगामाच्या आत.

शब्दकोश जवळ घेऊन तिने मला वाचून काढलं. गाडी उभी राहिली, सरळ चाललीसुद्धा. काटकोनात वळायला सांगितलं, की मात्र अर्धीच वळायची आणि भिंतीवर आपटायची. जीनत माझं ते पान काढून पुन्हा पुन्हा गणित करायची आणि स्वतःलाच बोल लावायची. एकट्याने शिकणाऱ्याचं असंच होतं. छापलेलं चुकीचं असेल, हे त्याच्या मनातच येत नाही. साक्षीला विचारावं, तर एवढ्या शिकलेल्या ताईला आपला अडाणीपणा कसा दाखवायचा?

हंगाम आला. अब्बा आत गेले. बाहेर आले ते दाराशीच बसले, आणि खोकला काही थांबेना. दहा दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा कुठे जीनतने साक्षीला फोन लावून गाडीची अडचण सांगितली.

साक्षी म्हणाली, "अगं, त्रेचाळीस पान बघ. बाजूला लिवलंय की मी."

"पान कोरं हाय, ताई."

तशी साक्षी म्हणाली, "मीच खोडलं गं. तुला घाण पुस्तक कसं द्यायचं, म्हणून."

यंदा गाडी आत गेली, नीट वळली आणि घमेलं ठेवून परत आली. अब्बा दाराबाहेर उभे राहून बघत होते. पण दोन पावलं भरभर चालले, की त्यांना अजून धाप लागते, आणि ती आता जायची नाही. त्या दिवशी जीनतने बॉलपेन घेतलं आणि माझ्यावर दाबून लिहिलं, "इथे चूक आहे. पूर्ण अंतर धरा." मागच्या पानावर वळ उमटले.

आता मला कडेगावला क्रांती नावाच्या मुलीकडे जायचंय, तीही एकटीच शिकतेय. मित्रांनो, पुस्तक स्वच्छ ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं उलटं आहे. माझ्यावर लिहा. कुठे चुकलात तेही लिहा, आणि देताना खोडू नका. ज्याला शिकवायला कुणी नाही, त्याला निदान आपल्या आधी चुकलेलं माणूस तरी भेटू द्या.