शेवटच्या कप्प्यातली गोळी

मी गोळी बोलतेय. कामात लक्ष लागावं म्हणून देतात ना, त्यातली. तिसऱ्या स्ट्रिपच्या शेवटच्या कप्प्यात मी एकटीच उरलेय. वर प्लास्टिकचा फुगवटा, पाठीला चंदेरी पत्रा. बाहेरचं सगळं दिसतं, पण कूस बदलायलाही जागा नाही.

कारखान्यात यंत्राने मला दाबून गोल केलं आणि लगेच इथे कोंडलं. तिथून मी आले चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका बाईकडे. काम नाजूक आणि हिचं मन वाऱ्यावर. मी येण्याआधी एकदा डाव्या डोळ्याची काच तिने उजवीकडे बसवली. तो चष्मा लावून गिऱ्हाईक जिन्यावरून धडपडलं. तेव्हा ती आपणहून डॉक्टरीणबाईंकडे गेली. लक्षाची ही अडचण लहानपणापासूनचीच निघाली.

रोज सकाळी एक, अशा माझ्या एकोणतीस बहिणी गेल्या. काम सुधारलं, पण तिचं जेवण सुटलं, छाती धडधडायला लागली.

"बंद करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडेच दिवस घेतलीत, एकदम थांबवली तरी चालेल. काहींना काहीच होत नाही. काहींना चार-पाच दिवस मरगळ येते, सारखी झोप येते, भूक खवळते, चिडचिड होते. पण मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला, तर वाट बघू नका. लगेच फोन करा."

ती घरीच काचा घासते, त्या यंत्राशेजारच्या टेबलाच्या खणात मी पडले. खण किंचित उघडा होता, तेवढ्या फटीतून मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती यंत्रासमोर बसल्या बसल्या पेंगली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनदा जेवली, आईवर ओरडली आणि मग स्वतःच रडत बसली.

"अगं, पण झालं तरी काय?" आईने विचारलं.

"काही नाही गं. अंगात जीवच नाही. आणि सहा काचा आजच द्यायच्यात."

तिने खण ओढला. स्ट्रिप उचलली. अंगठा माझ्यावर टेकला.

"ही एकच घेते, आई. आजच्यापुरती."

खोटं कशाला बोलू? मी जीव खाऊन पत्र्याला रेटलं. तिचं भलं-बुरं माझ्या मनातही नव्हतं. मला फक्त बाहेर पडायचं होतं.

"मला त्यातलं काही कळत नाही," आई म्हणाली. "आधी डॉक्टरीणबाईंना विचार. मग घ्यायची तर घे."

तिने फोन लावला. पलीकडून आवाज आला, "ही मरगळ गोळी सुटल्याची आहे, ती ओसरेल. लक्ष मात्र पूर्वीसारखं भरकटणारच. ते तुमचं जुनंच दुखणं, त्यावर दुसरं काहीतरी बघू. ती गोळी घेऊ नका. शुक्रवारी या."

मग तिने मालकांना फोन केला. "साहेब, आज माझ्या हातून नीट होणार नाही. परवा देते."

मालक कुरकुरले, पण हो म्हणाले. ती संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.

पाचव्या दिवशी तिचा चेहरा निवळला. मन अजून उडत होतंच. आता आई चिठ्ठीवरचा नंबर मोठ्याने वाचते, ती तो परत म्हणते आणि उजव्या काचेवर शाईचा ठिपका देते. काम हळू होतं, पण बरोबर होतं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंकडे जाताना तिने मला औषधांच्या दुकानात दिलं. उरलेल्या गोळ्या टाकायला तिथे कुलपाची पेटी आहे.

"एकच तर आहे," दुकानदार म्हणाला. "राहू द्यायची होती, अडीअडचणीला."

"म्हणूनच आणली," ती म्हणाली.

आता मी कप्प्यातही कोंडलेली आणि पेटीतही. इथे तर फटसुद्धा नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी उरली असेल, तर तिची दया येऊ देऊ नका. आजच्यापुरतं बाहेर काढा, असं ती म्हणेल. आम्ही सगळ्याच तसं म्हणतो.