माझ्या बापाचा साचा

माझा नवरा वेंडेल मार्चमध्ये गेला आणि त्याचं चव्वेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर आमच्या नातीकडे, डार्सीकडे आलं. कुणी नाक मुरडलं नाही, घरात नेम तिचाच. ऑगस्टच्या शनिवारी जिल्ह्याची नेमबाजीची स्पर्धा होती. वेंडेलने ती एकवीस वेळा जिंकलेली. यंदा त्याच्या जागी डार्सी उभी राहणार आणि गोळ्या मी ओतणार. यात विचारायचं ते काय?

सहावीत मी शाळा सोडली, पण शिसं ओतायचं मला कुणी शिकवू नये. साचा माझ्या बापाचा, लग्नात दिलेला. गोळीला लावायचं वंगण माझं स्वतःचं, घरच्या पेट्यांतल्या मधमाशीच्या मेणाचं. गोळ्या केकच्या भांड्यात उभ्या करायच्या, पातळ मेण त्यांच्या खाचेपर्यंत ओतायचं, थिजलं की वड्यांसारख्या एकेक कापून काढायच्या. लग्नानंतरची दहा-बारा वर्षं वेंडेल कुरकुरायचा, "ओपल, नळीला शिसं धरतंय गं." नळीला शिसं धरलं की नेम गेला. मी मेण बदललं, पुन्हा बदललं. एका वर्षी त्यात मेंढीच्या लोकरीची चरबी वाढवली आणि त्याची कुरकुर कायमची थांबली. तेव्हापासून अर्धा जिल्हा माझं मेण मागून नेतो, आणि मी ते कसं करते हे कुणाला सांगत नाही.

तर त्या सोमवारी डार्सी रिव्हॉल्व्हर घेऊन स्वयंपाकघरात आली. मी मक्याचा पाव कापत होते.

"आजी, नवा साचा मागवू या का?"

"आहे त्याला काय धाड भरलीय?"

"नळी शिशाने भरली. दुपारभर घासतेय."

"मग नीट घासायला शिक. तुझ्या आजोबांच्या वेळी नाही भरली कधी ती."

 डार्सीने रिव्हॉल्व्हरची सहा भोकांची चक्री काढून हातात धरली आणि माझी एक गोळी तिच्या एका भोकावर ठेवली. "ही इथे अडायला हवी. अंगठ्याने दाबल्याशिवाय खाली जाता कामा नये."

गोळी अडली नाही. सरळ खाली टेबलावर पडली, टक्क. डार्सीने दुसऱ्या भोकावर दुसरी ठेवली. टक्क. सहाही भोकांतून सहा गोळ्या पडल्या, जसे काही गोळ्या नव्हे, वाटाणेच.

"मेणात खोट नाही, आजी. गोळीच बारीक आहे. बाजूने आग निसटते, शिसं वितळतं नि नळीला बसतं. मेण सोन्याचं केलंस तरी हेच होणार."

"रिव्हॉल्व्हर झिजलं असेल."

"भोकं इतकी नाही झिजत. हे पहिल्या दिवसापासून असंच आहे."

"मग तुझ्या आजोबाने एकवीस वेळा काय फुंकर मारून जिंकलं?"

डार्सीने खिशातून एक गोळी काढून माझ्यापुढे ठेवली. "आजोबांच्या पेटीत तळाशी होती. डबा रिकामा होता, एवढी एकच उरलीय."

माझ्या गोळीला एकच खोल खाच असते. या गोळीला पायाशी बारीक बारीक कडी होती, एकावर एक. या भागात तसा साचा एकाच घरात आहे, ओढ्यापलीकडे, माझ्या नणंदेकडे, इनेझकडे. सुरी माझ्या हातात तशीच राहिली. डार्सी म्हणाली, "आजी, बस जरा." मी बसले नाही. गाडी काढायला लावली.

इनेझ ओट्यावर शेंगा सोलत होती. तिचे हात आता थरथरतात, निम्मे दाणे खाली पडत होते. मी ती गोळी तिच्या टोपल्यात टाकली.

तिने ती उचलून पाहिली. "बरीच वर्षं लागली तुला."

"केव्हापासून?"

"एकोणनव्वदपासून."

म्हणजे ज्या वर्षी मी लोकरीची चरबी वाढवली, तेच वर्ष.  

"मला सांगायला काय झालं होतं त्याला?"

"सांगितलं होतं की एकदा. साचा लहान पडतोय म्हणाला. तू म्हणालीस, माझ्या बापाच्या साच्याला नावं ठेवतोस, आणि आठ दिवस त्याच्याशी बोलली नाहीस. नवव्या दिवशी इथे आला बिचारा. म्हणाला, इनेझ, तू ओत माझ्या गोळ्या, तिला कळू देऊ नको."

आठ दिवसांचं मला आठवत होतं. कशावरून, ते मात्र मी विसरले होते.

"आणि मी ओतलेल्या? दर हिवाळ्यात डबे भरून द्यायचे मी त्याला."

इनेझने डार्सीकडे पाहिलं, मग शेंगांकडे. "टायरवाल्याकडून चाकाच्या वजनांचं शिसं आणायचा ना तो तुला?"

"हो."

"टायरवाला नव्हता गं कुणी. माझ्या शेडमध्ये तुझ्या गोळ्या वितळवायचा, विटा पाडायचा आणि तुलाच नेऊन द्यायचा."

मी खालच्या पायरीवर बसले, गुडघ्याची पर्वा न करता. तीस वर्षं. दर हिवाळ्यात मी शेगडीपाशी उभी राहून तेच शिसं ओतत होते, आणि तो समोर बसून म्हणायचा, काय झकास उतरल्यात, ओपल. डार्सीने हसू आवरायला तोंड फिरवलं, मला दिसलं.

"खुशाल हस," मी म्हटलं. "तुझा आजोबा लबाड होता."

"भित्रा होता," इनेझ म्हणाली.

शनिवारपर्यंत नवा साचा येणं शक्य नव्हतं. इनेझचा साचा होता, पण तिचे हात ओतण्याचे राहिले नव्हते. माझे होते. मी मागितला. ती म्हणाली, "देते, पण माझ्या शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत."

बुधवारी मी ओतल्या. साचा चांगला होता, हे लिहायला मला आवडत नाही. प्रश्न राहिला वंगणाचा. इनेझ मार्गारीनच्या रिकाम्या डब्यात गोळ्या टाकते, वर दोन चमचे बाटलीतलं तपकिरी चिकट औषध, जुन्या गाडीखाली येतो तसा वास येणारं, आणि डबा हलवून वर्तमानपत्रावर वाळवते. याला कुणी मेहनत म्हणत असेल तर म्हणो. निम्म्या गोळ्यांना मी माझं मेण दिलं, निम्म्यांना तिचं औषध. गुरुवारी इनेझच्या शेडमागे डार्सीने दोन्ही झाडून पाहिल्या आणि नळीत चिंधी फिरवून आणली.

"दोन्ही सारख्याच गं. नळी दोन्हींनी साफ."

"नीट बघ."

"बघितलं, आजी. गोळी मापात बसली की वंगणाचं एवढं काही राहत नाही. शनिवारी कुठल्या नेऊ?"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. अर्धा जिल्हा माझं मेण नेतो. त्याच मेणाने वेंडेलचा खिसा सुरुवातीच्या वर्षांत दर ऑगस्टमध्ये चिकट व्हायचा आणि मी त्याला धांदरट म्हणायचे. डार्सी दिवसभर उन्हात उभी राहणार होती.

"आत्याआजीच्या ने," मी म्हटलं. "माझं मेण उन्हात वितळतं."

इनेझला हे ऐकायला तीस वर्षं लागली होती. ती टोमणा मारेल म्हणून मी कमरेवर हात ठेवून तयार होते. तिने फक्त डबा माझ्याकडे सरकवला.

"अजून पन्नास तरी लागतील तिला. तू ओत. डबा मी हलवते, माझे हात काय, आयतेच हलतात."