राजेंद्र ओव्हाळ, परवानगी नाही

"अहो, दिसतंय ना समोर? मग उघडत का नाही?" हिरा सिस्टरने माऊस टेबलावर आपटला.

वॉर्डच्या संगणकावर स्कॅनचं फोल्डर दिसत होतं. त्यावर क्लिक केलं की मात्र एकच पाटी यायची : परवानगी नाही. राजेंद्र ओव्हाळ टेबलाखाली वाकून वायर तपासत होता. लोणावळ्याच्या त्या खासगी रुग्णालयातले सगळे संगणक तोच सांभाळायचा, अगदी पहिला संगणक आला तेव्हापासून.

कोपऱ्यातल्या खाटेवर पवनानगरचे कोंडाजी आबा बेशुद्ध पडले होते. पहाटे जीपमधून उतरताना पडले आणि डोक्यात रक्तस्राव झाला. त्यांना पिंपरीला हलवायचं होतं, पण तिथले डॉक्टर स्कॅनचे फोटो पाहिल्याशिवाय बेड देईनात. स्कॅनवाला रात्रपाळी संपवून घरी गेला होता. ओपीडी अजून उघडायची होती. खाली रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून उभी होती.

"त्या वायरीत काय हुडकताय?" आबांचा मुलगा सोपान अंगावर धावून आला. "म्हातारा चाललाय तिकडं, आन् तुमी हितं टेबलाखाली! काय झालं ना, तर न्हाई सोडायचो तुमाला."

"वायर चांगली आहे," राजेंद्र उठत म्हणाला.

"मग काय बिगडलंय?"

"बघतो."

"बघतो, बघतो! मघापास्नं त्येच चाललंय."

फोल्डर दिसतंय म्हणजे नेटवर्क चालू आहे. राजेंद्रने पासवर्ड पुन्हा टाकला. पुन्हा तीच पाटी. आणि मग त्याच्या लक्षात आलं. हा संगणक त्याच्याच नावावर चालत होता. वॉर्डला वेगळं खातं द्या म्हणून त्याने किती वेळा सांगितलं, कुणी दाद दिली नाही. शेवटी त्याने स्वतःचंच नाव घालून दिलं होतं.

म्हणजे सर्व्हर त्यालाच आत घेत नव्हता.

वरच्या मजल्यावर सर्व्हरच्या खोलीत, संगणकांचं काम नुकतंच मिळालेल्या नव्या एजन्सीचा समर्थ बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"काका, इथं आता बाहेरच्यांना एंट्री नाही."

"माझं नाव काढलंयस का?"

"मॅनेजर मॅडमनी नावं दिली, त्यात तुम्ही नव्हता. काल रात्री सगळं नवीन केलं." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

राजेंद्रचे कान तापले. काल संध्याकाळी जिन्यात मॅडम भेटल्या होत्या. हसून पुढे गेल्या होत्या. आत्ता सरळ स्टेशन गाठावं, मळवलीला उतरून घरी जावं, यांचं यांना निस्तरू द्यावं, असं त्याला फार वाटलं.

"वॉर्डचं नवं खातं उघडून दे," तो म्हणाला.

"मॅडमचा मेल लागेल. त्या दहाला येतात."

"खाली माणूस मरतोय."

"ते माझ्या हातात नाही, काका. उद्या मलाच विचारतील."

राजेंद्रने स्टूल ओढलं आणि त्याच्या खुर्चीला लावून बसला. "मॅडमना फोन लाव. मी ऐकत नाही म्हण, शिव्या देतोय म्हण, काय वाटेल ते सांग. पण खातं आत्ता उघड. ते झाल्याशिवाय मी इथून उठत नाही."

समर्थने त्याच्याकडे रागाने पाहिलं. फोन त्याने लावला नाही. दात खात कीबोर्ड पुढे ओढला.

"झालं. निघा आता. आणि हे मी वर कळवणार."

"कळव."

खाली फोल्डर उघडलं. काळ्या पडद्यावर आबांच्या कवटीचे करडे तुकडे एकामागून एक उमटले. सिस्टरने ते पिंपरीला पाठवले. तिकडून होकार आला.

"एवढंच होतं तर इतका वेळ काय करत होतात?" हिरा सिस्टर स्ट्रेचरचा पट्टा ओढत म्हणाली. "पुन्हा अडलं तर फोन तरी लगेच उचला."

राजेंद्रने माऊस जागेवर ठेवला.

"सरका की वो बाजूला! मधी काय हुभं ऱ्हायलाय?" सोपानने त्याला खांद्याने ढकललं.

तो सरकला. वॉर्डचं स्प्रिंगचं दार स्ट्रेचरवर आपटायला आलं, ते त्याने पाठीने अडवून धरलं. आबांचे पाय गेले, सलाईनची बाटली उंच धरलेली सिस्टर गेली, शिव्या देत सोपान गेला. मागचं चाक उंबऱ्यावरून खाली उतरेपर्यंत राजेंद्र दाराला तसाच टेकून उभा होता.