आत ओढायचं हं

भिंगरीच्या नाकाने आईच्या नाकी नऊ आणले होते. तीन वर्षांची पोर, पाळणाघरात घातल्यापासून ही नववी का दहावी सर्दी. आईने मोजणं केव्हाच सोडलं होतं. डॉक्टर म्हणायचे, "व्हायरस आहे, या वयात वर्षातून आठ-दहा वेळा व्हायचंच. आपोआप जाईल." जायची हो, नाही कुठे! पण जाताना आईला देऊन जायची, आणि आई जरा सावरते न सावरते तोच पुढची दारात हजर.

आजचा खाडा मात्र परवडणारा नव्हता. शर्टाच्या कारखान्यात ती कॉलर बसवायची. आज बिनखाड्याचे सहा महिने पुरे होत होते. आज चुकलं की कायम होण्याचं पत्र पुढच्या सहामाहीवर. सुपरवायझरबाईंनी काल मशीनपाशी येऊन बजावलं होतं, "उद्या नाही आलीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

पाळणाघराच्या दारावर पाटी होती: 'नाक वाहत असल्यास घरी ठेवावे'. वाचून वाटावं, नाक तेवढं घरी ठेवून बाकीचं मूल आणलं तरी चालेल. आईने त्यावर तोड काढली होती. कोपऱ्यावर थांबायचं, नाक लख्ख पुसायचं आणि सांगायचं, "मावशींसमोर आत ओढायचं हं. कुठे दुखतंय म्हणायचं नाही." भिंगरी शहाण्यासारखी मान हलवायची. पुसून पुसून लाल झालेलं ते इवलंसं नाक बघून आईला भरून यायचं, पण रडायला तरी वेळ कुणाला होता!

मावशींनी दार उघडलं, वाकून भिंगरीच्या कपाळाला हात लावला, आणि तोंड फिरवून त्याच सटासट तीनदा शिंकल्या. डोळे लाल, नाक गळतंय.

"काही नाही गं, धुळीचं आहे," त्या घाईघाईने म्हणाल्या. त्यांना तरी सुट्टी कोण देणार?

भिंगरीने त्यांची बाही ओढली आणि गुपित सांगावं तशी, पण अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "मावशी, आत ओढ! नाहीतर घरी पाठवतात."

झालं! बिंग फुटलं. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी आधी हसल्या, हसता हसता खोकल्या, मग वाकून भिंगरीच्या कानाकडे बघू लागल्या.

"अगं बाई, म्हणून होय! काल दुपारभर कानावर हात धरून बसली होती. जेवली नाही, झोपली नाही. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली. मला वाटलं, खेळतेय."

आईला आठवलं. काल घरी आल्यावरही पोर गप्पगप्पच होती, आणि आई मनात म्हणाली होती, चला, आज काही त्रास नाही.

मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. "जायचं तर जा. ठेवते मी. माझंच नाक वाहतंय, कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

भोंग्याला दहा मिनिटं होती. धावत गेलं तर गाठता आलं असतं. आई एक पायरी उतरलीसुद्धा. मागे वळून पाहिलं तर भिंगरी ओठ घट्ट मिटून नाक वर ओढत होती, आणि ओढताना तिचा हात कानाकडे जात होता.

आई परत वर आली. फोन काढून म्हणाली, "बाई, मी आज येत नाही. मुलीचा कान दुखतोय." पलीकडचं बोलणं तिने पुरतं ऐकलंच नाही. लेकीला मांडीवर घेऊन ती तिथेच पायरीवर बसली.

"आई, मी ओढते ना आत," भिंगरी घाबरून म्हणाली. "बघ, गेलं."

"नको गं राणी, आत नको ओढूस." आईने रुमाल तिच्या नाकाला लावला. "शिंकर."

पोरीने दाराकडे पाहिलं. "मावशीसमोर?"

"मावशींसमोरच. जोरात."