सेनापतीचे केस

सकाळी साडेसातला सेनापतीचं डोकं धडावेगळं झालं, आणि दुपारी चारला मुलगा येणार होता.

डोकं अंगठ्याच्या पेराएवढं. आप्पांनी ते गरम पाण्याच्या वाटीत बुडवून मऊ केलं, मग धड एका मुठीत आणि डोकं दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हळूच फिरवलं. टच् असा आवाज झाला. मानेची खुंटी मोडली की काय? नव्हती मोडली. आप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवणाऱ्या माणसाला एका खेळण्याच्या मानेनं घाम फोडला होता.

खेळणं म्हटलेलं मुलाला खपायचं नाही. ॲक्शन फिगर म्हणायचं, आणि ती जपायची असते, खेळायची नसते. शाळेत असल्यापासून त्यानं अशा अकरा फिगर जमवल्या होत्या. त्यांत सेनापती म्हणजे त्याचा जीव की प्राण. वीतभर उंची, चिलखत, तलवार, काढता-घालता येणारं शिरस्त्राण आणि पाठभर मोकळे काळेभोर केस. बाकीच्यांचे केस प्लॅस्टिकचे ओतीव, याच्या मात्र डोक्यात नायलॉनची एकेक बट रोवलेली. तशी फिगर कंपनीनं पुन्हा काढलीच नाही.

ते केस आता नव्हते. सहा वर्षांपूर्वी आप्पांनीच ते कापले होते.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे पोराचे केस. सोळाव्या वर्षी त्यानं सेनापतीसारखेच केस वाढवले. खांद्यावर रुळायला लागले तसे दुकानात टोमणे सुरू झाले. "आप्पा, गावाची डोकी नीट करता आणि घरातल्या डोक्याचं काय?" आप्पा हसून सोडून द्यायचे, पण आत कुठेतरी खुपायचं. एका दुपारी त्यांनी पोराला खुर्चीत बसवलं. म्हणाले, "टोकं सरळ करतो, बस." पोरगं विश्वासानं बसलं, आणि आप्पांनी मानेपासून वर मशीन चालवलं.

आप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारतातच. खुर्चीत अगदी दोन वर्षांचं रडकं मूल असलं तरी. "किती ठेवू?" त्या दुपारी तो त्यांनी विचारला नाही.

त्यात पोराच्या टाळूवर दोन भोवरे. डावीकडचा एका दिशेनं फिरतो, उजवीकडचा उलट, आणि मधे केसांची एक कड उभी राहते. असं डोकं बारीक कापायचं नसतं, कापलं तर मधला तुरा खाली बसता बसत नाही. हे आप्पांना पुरेपूर ठाऊक होतं. तरी कापलं. महिनाभर वर्गातली पोरं त्याला तुरा म्हणायची. त्यानं बापाच्या खुर्चीत परत कधी पाय ठेवला नाही, आणि अठरा पूर्ण झाल्यावर शिकायला म्हणून जो बाहेर पडला तो पडलाच.

तो गेला त्या संध्याकाळी आप्पा त्याच्या खोलीत गेले. फळीवर सेनापती उभा होता, पाठभर केस सोडून, ऐटीत. आप्पांचं डोकं फिरलं. खिशात कात्री होतीच. चार वेळा कचकच, आणि झालं. मग शुद्धीवर आल्यासारखे ते दचकले, सेनापतीच्या डोक्यावर शिरस्त्राण दाबून बसवलं, त्याला खोक्यात घातलं आणि खोका बाकीच्या दहांच्या मागे सारला.

आता मुलाला लांब, विमानानं जावं लागेल इतक्या लांब नोकरी लागली होती. तो अकराही खोके न्यायला येणार होता. फोनवर आईशी बोलला, बापाशी नाही.

तीन आठवडे आप्पांनी चोरून सराव केला. फोनवर लोकांचे व्हिडिओ पाहिले. सुईचं नेढं वरून कापून तिचं बारीक बेचकं केलं. त्यात नायलॉनचे दहाबारा तंतू अडकवायचे, भोकातून आत खुपसायचे, सुई मागे घ्यायची, बट आत राहते. वरून सगळं डोकं रोवून झालं की मानेच्या भोकातून आत गोंद सोडायचा. सरावाला आणलेल्या स्वस्त बाहुल्यांची दोन डोकी त्यांनी वाया घालवली. तिसरं जमलं. पण खऱ्या डोक्याला हात लावायचा धीर आज सकाळपर्यंत झाला नव्हता.

"अहो, सांगून टाका ना त्याला," जिन्यावरून बायको म्हणाली. घर वर, दुकान खाली. रविवार असून दुकानाचं शटर ओढलेलं होतं, असं तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

"आधी नीट होऊ दे."

"नीट झाल्यावर तर तुम्ही मुळीच सांगणार नाही. मी काय आज ओळखते तुम्हाला?"

आप्पा डोक्याच्या आतून जुने खुंट चिमट्यानं ओढत होते. कानामागचे आले, मानेवरचे आले. टाळूवरचे येईनात. त्यांनी जरा जोर लावला आणि टर्रकन टाळूच फाटली. कारखान्यानं पाडलेल्या भोकांची वर्तुळं एकमेकांत मिसळून मधे चण्याच्या डाळीएवढं भगदाड पडलं.

आप्पा खुर्चीतून उठले आणि परत बसले. आतून ठिगळ लावायचं, ते वाळायला दोन तास. म्हणजे अकरा वाजणार.

दहाच्या सुमारास कुणीतरी शटर बडवलं.

"आप्पा! आहात ना आत? फटीतून दिवा दिसतोय!"

निवृत्त पोस्टमन. दर रविवारी दाढी, आणि दाढीपेक्षा गप्पा जास्त. आप्पा श्वास रोखून बसले. एका हातात बिनडोक्याचा सेनापती, दुसऱ्यात टक्कल.

"बरं नाहीये त्यांना!" वरच्या खिडकीतून बायको ओरडली.

"काय होतंय?"

"डोक्याचं दुखणं आहे!"

पोस्टमन हळहळत गेला. बायकोनं खिडकी जरा जोरातच लावली.

अकराला ठिगळ धरलं. आप्पांनी कपाळापासून सुरुवात केली. तिथली भोकं शाबूत होती, ओळीनं बटा भरत जायच्या एवढंच. बारा वाजता दोन्ही कानशिलं झाली. एक वाजता मानेवरचे झाले. जेवायची हाक दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. टाळूवर मात्र भोकंच नव्हती. ती त्यांना नव्यानं पाडायची होती, आणि कारखान्यानं कशी पाडली होती ते पाहायला फाटल्या टाळूत काही उरलं नव्हतं. घड्याळाकडे बघायला फुरसत नव्हती, विचार करायला तर नव्हतीच. आप्पांनी डोकं हाताच्या स्वाधीन केलं. हात चालत राहिला. टोच, ओढ, टोच, ओढ.

दोनला शेवटची बट आत गेली. आत गोंद सोडला. डोकं तासभर पंख्याखाली ठेवलं. तीन वाजता डोकं मानेवर बसवलं, केसांवरून कढत पाणी सोडलं, म्हणजे ते वळणावर बसतात, आणि बारीक कंगवा फिरवला. सुंदर! काळ्याभोर केसांची सरळ धार पाठीवर उतरली. आप्पांना क्षणभर स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग त्यांनी सेनापतीला दिव्याखाली फिरवलं आणि त्यांचा हात तसाच थांबला.

टाळूवर दोन भोवरे होते. डावीकडचा एका दिशेला, उजवीकडचा उलट. मधे केसांची बारीकशी कड, उभी.

कारखान्याच्या डोक्यांना भोवरा नसतो. एकही नसतो. मुलानं केस बाजूला करून एकदा पाहिलं की संपलं, बापानं काय केलं ते सगळं उघडं पडणार. कंगवा फिरवला, कड खाली बसली नाही. ओल्या बोटानं दाबली, पुन्हा उठली. उपटायची सोय नव्हती, आत गोंद दगड झाला होता.

वर दार वाजलं. "आई!" मुलाचा आवाज. वीस मिनिटं लवकर.

आप्पांनी शिरस्त्राण उचललं, सेनापतीच्या डोक्यावर दाबून बसवलं, त्याला खोक्यात घातलं आणि झाकण लावलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की सहा वर्षांपूर्वीही आपण याच क्रमानं हेच केलं होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली. तरी थोड्या वेळानं ते खोका घेऊन वर गेले.

मुलगा खोलीत जमिनीवर बसून खोके आवरत होता. केस पाठीपर्यंत वाढलेले, मागे रबरानं बांधलेले. बापाला पाहून त्यानं नुसती मान हलवली.

"हा खाली होता," आप्पा म्हणाले. "धूळ पुसायला नेला होता."

मुलानं खोका घेतला. बाकी दहा त्यानं एकेक उघडून, निरखून ठेवले होते. हा त्यानं उघडला नाही. सरळ मोठ्या पेटीत ठेवला, पेटीचं झाकण मिटलं आणि चिकटपट्टीचं टोक नखानं शोधायला लागला.

वाचलो, आप्पांच्या मनात आलं. दारात बायको चहाचा कप घेऊन उभी होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. पट्टीचं टोक सापडलं. पट्टी चरचरत अर्ध्या झाकणापर्यंत आली.

"थांब," आप्पा म्हणाले. "तो उघड. मी त्याचे केस कापले होते. तू गेलास त्या दिवशी."

मुलाचा हात थांबला. वर न बघता तो म्हणाला, "माहितीये."

"आं?"

"तीन वर्षांपूर्वी कागदपत्रं न्यायला आलो होतो ना, तेव्हा बघितलं. शिरस्त्राण काढलं आणि..." त्यानं पट्टी बोटाला गुंडाळली. "माझं एक वेळ समजलं असतं मला, आप्पा. पण त्यानं काय केलं होतं तुमचं? त्यानंतर तुमच्याशी फोनवर बोलावंसंच वाटेना. आता पण उघडणार नव्हतो. परत बघायचं नव्हतं मला ते."

आप्पा मटकन त्याच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे वाजले.

"चुकलो मी," ते म्हणाले.

"कधी?"

"दोन्ही वेळा. त्याच्या वेळी डोकं फिरलं होतं. तुझ्या वेळी तर शुद्धीत होतो. तुरा उभा राहणार हे माहीत होतं मला. तरी कापले."

मग मुलानं पट्टी उचकटली, खोका काढला, सेनापतीला बाहेर घेतलं. शिरस्त्राण उचललं तसे केस त्याच्या मनगटावर सांडले. तो दचकलाच. त्यानं ते बोटांवर घेतले, उजेडात धरले, कानामागे पाहिलं, मानेवर पाहिलं. आईनं कप तसाच हातात धरला होता.

मग त्याचं बोट टाळूवर गेलं आणि थांबलं. उभ्या राहिलेल्या कडेवरून ते एकदा पुढे गेलं, एकदा मागे. त्याचा दुसरा हात आपसूक स्वतःच्या डोक्याकडे गेला.

"याला दोन भोवरे कुठून आले?"

"भोकं फाटली होती," आप्पा म्हणाले. "नवी पाडायला लागली. मुद्दाम नाही केलं. हाताला तेवढं एकच डोकं पाठ आहे."

मुलानं तोंड खिडकीकडे फिरवलं. आईनं कप खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मुलगा परत वळला तेव्हा त्याचेही डोळे लाल होते, पण नजर नेहमीसारखी बारीक होती.

"डावीकडे जरा लांब राहिलेत," तो म्हणाला.

होतेच लांब. गहूभर. आप्पांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, कात्री बाहेर आली, तिची दोन पाती उघडली. सेनापती मुलाच्या हातात होता. मुलानं तो मागे घेतला नाही, पण त्याची बोटं फिगरभोवती घट्ट झाली.

आप्पांनी ते पाहिलं. कात्री तशीच धरून त्यांनी विचारलं, "किती ठेवू?"

मुलानं सेनापतीकडे पाहिलं, मग बापाच्या कात्रीकडे. घाई केली नाही.

"आहेत तेवढे," तो म्हणाला.

"बरं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी कात्री मिटून खिशात ठेवली.